बीओडी ८.२ आणि सीओडी ४२०, हे कसं?

प्रश्न : घरगुती सांडपाण्याच्या नमुन्यात हवेचे बुडबुडे सोडून बीओडीची (घाण खाताना जिवाणूंना पाच दिवसांत लागणारा ऑक्सिजन मोजायची) बाटली भरली. पहिल्या दिवशी विरघळलेला ऑक्सिजन ८.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर होता, पाचव्या दिवशी शून्य. म्हणून बीओडी ८.२ लिहिला. त्याच नमुन्याचा सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) मात्र ४२० आला. चूक कुठे?

उत्तर : वजाबाकी बरोबर आहे, पण तो बीओडी नव्हे. २० अंश सेल्सिअसला पाण्यात ऑक्सिजन विरघळतो जेमतेम ९ मिलिग्रॅम प्रतिलिटर. घरगुती सांडपाण्यातल्या जिवाणूंना लागतो दोनशेच्या पुढे. तुमच्या बाटलीतला ऑक्सिजन पहिल्या एक-दोन दिवसांतच संपला असणार. या आकड्यातून ‘बीओडी ८.२ पेक्षा जास्त’ एवढंच कळतं.

नमुना पातळ करूनच लावायला हवा. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ६ मिलिलिटर नमुना घ्या, बाकी विरलनाचं (पातळ करायचं) पाणी भरा; म्हणजे ५० पट. समजा ऑक्सिजन ८.६ वरून ४.१ वर आला, तर घट ४.५, आणि बीओडी २२५. एकाच बाटलीवर विसंबू नका. ३, ६ आणि ९ मिलिलिटर अशा तीन लावा. ज्या बाटलीत घट निदान २ आणि शिल्लक निदान १ असेल, तिचाच आकडा धरा. विरलनाच्या पाण्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्याच्या दर लिटरला फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड यांची ठरलेली द्रावणं १-१ मिलिलिटर घाला आणि भरपूर हवा सोडा. या पाण्याची एक बाटली नमुन्याशिवाय ठेवा. तिच्यात घट ०.२ पेक्षा जास्त आली तर पाणीच अस्वच्छ आहे.

बूच बसवताना बुडबुडा राहिला तर घात होतो. एक मिलिलिटर हवेत सुमारे ०.२८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो सगळा विरघळला तर बाटलीत ०.९ मिलिग्रॅम प्रतिलिटरची भर पडते, आणि ५० ने गुणल्यावर बीओडी ४५ ने कमी दिसतो! बाहेरची हवा अडवणारं बुचाभोवतीचं पाणी पाच दिवसांत सुकतं, ते रोज बघा. बाटल्या अंधारात हव्यात, नाहीतर शेवाळं ऑक्सिजन तयार करतं. नमुन्यात क्लोरीन असेल तर आधी सोडियम थायोसल्फेटने घालवा आणि क्लोरीनने मेलेल्या जिवाणूंच्या जागी बाहेरून जिवाणूंचं विरजण लावा.

आता सीओडीकडे. त्या चाचणीतलं डायक्रोमेट हे रसायन जिवाणूंना न पचणारंही जाळतं, म्हणून तो आकडा मोठा येणारच. २२५ भागिले ४२० म्हणजे ०.५४, असं सांडपाणी जैविक प्रक्रियेने चांगलं शुद्ध होतं. गुणोत्तर ०.३ च्या खाली गेलं तर नुसत्या जैविक टाकीवर भिस्त ठेवता येत नाही.

प्रश्न : आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकामधला ‘पैलू’ आणि ‘परिणाम’ यांत नेहमी गोंधळ होतो.

उत्तर : पैलू म्हणजे कामातला पर्यावरणाशी संबंध येणारा भाग, परिणाम म्हणजे त्यामुळे पर्यावरणात होणारा बदल. डिझेलच्या टाकीतून गळती हा पैलू, माती आणि भूजल दूषित होणं हा परिणाम. पैलू आणि परिणाम नोंदवायच्या तक्त्यात ‘प्रदूषण’ हा शब्द पैलूच्या रकान्यात दिसला की समजा, रकाने उलटे भरलेत. आणखी एक चूक हमखास होते : रोजचं कामकाजच तेवढं लिहिलं जातं. यंत्र सुरू-बंद करतानाची स्थिती आणि आग, गळती यांसारखी आपत्ती, यांच्या ओळी वेगळ्या हव्यात, कारण खरं नुकसान बहुधा तिथेच होतं.