मोगली एरंडाच्या बिया आणि मिठाचे पाणी

प्रश्न : डॉक्टर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत चौथीच्या मुलांनी कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया फोडून खाल्ल्या. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. तेव्हा काही जणांनी त्यांना मिठाचे पाणी पाजून आणखी उलट्या काढायला लावल्या. दवाखान्यात मुले बरी झाली. पण ‘मिठाच्या पाण्यानेच वाचली’ असे गावात म्हणतात. खरे काय?
– एक शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : बाई, मुले वाचली ती सलाईनमुळे आणि वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे. मिठाचे पाणी कोणत्याही विषबाधेत पाजू नये. लहान मुलाच्या रक्तात सोडियम एकदम वाढले की झटके येतात, आणि ग्लानीत असलेल्या मुलाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. घशात बोटे घालणेही तितकेच वाईट.

ग्रामीण रुग्णालयात असताना पावसाळा सरला की ही मुले हमखास यायची, आणि एकटे मूल क्वचितच, सगळी टोळीच. बी गोडसर, शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून एकाने खाल्ली की सगळे खातात. तेव्हा जो ओकतोय त्याच्यापुरते थांबू नका, सोबत कोण कोण होते ते विचारा. मार बसेल या भीतीने मुले लपवतात. त्या वेळी रागावू नका, एवढी कळकळीची विनंती.

या बीत कर्सिन नावाचे प्रथिन आणि फॉर्बॉल एस्टर असतात. घशात आग, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. फॉर्बॉल एस्टर उष्णतेने जात नाहीत, त्यामुळे बी भाजली तरी विषारीच. उतारा नाही, अंगातले पाणी टिकवणे हाच उपचार. उलटी थांबली की एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी, घोटघोट.

माझी खरी काळजी वेगळी आहे. त्याच कुंपणात पिवळी कण्हेर असली तर? तिच्या बिट्ट्यांनीही आधी उलट्याच होतात, पण तिचे विष हृदयाचे ठोके बिघडवते. मूल खेळतेय असे वाटत असतानाही नाडी मंदावू शकते. अशा मुलाचा ईसीजी काढून त्याला देखरेखीखाली ठेवावेच लागते. धोतऱ्याचे चित्र आणखी निराळे : तोंड कोरडे, बाहुल्या मोठ्या, मूल बरळते. म्हणून 108 ला फोन करा आणि निघताना उरलेल्या बिया, फळासकट एक फांदी पिशवीत घेऊन या. किती वाजता खाल्ले, साधारण किती बिया, हेही कागदावर लिहा. डॉक्टरांचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

राहिले कुंपण. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून मोगली एरंड बांधाबांधावर आला. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी त्याची शिफारस केल्यावर लागवडीला जोर आला. शेताच्या बांधावर असू दे, शाळेभोवती नको. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा आणि त्या जागी अडुळसा लावा; त्यालाही गुरे तोंड लावत नाहीत. तोडताना मोगली एरंडाचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि हे काम मुलांना सांगू नका.