‘व्होकल्स’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न असा आला आहे: एका प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) अल्बमबद्दल ‘वाद्यं अप्रतिम, पण गायकीमुळे मजा गेली’ असं वाक्य लिहिलं. त्यावर कुणी सुचवलं की ‘गायकी’ चूक, सरळ ‘व्होकल्स’ लिहा. बरोबर काय?

‘गायकी’ इथे मलाही खटकते. गायकी म्हणजे गाण्याची घडवलेली रीत, जशी ग्वाल्हेर घराण्याची गायकी. हल्ली हा शब्द सरसकट ‘गायन’ या अर्थाने वापरतात, पण त्यामुळे एक नेमका शब्द बोथट होतो. ‘व्होकल्स’ला माझी हरकत नाही, तो रुळलेला आहे. पण त्याचं लिंग अजून ठरलेलं नाही. ‘चांगले’ की ‘चांगली’ हे ठरवायला नको म्हणून आपण ‘व्होकल्स छान आहेत’ म्हणून मोकळे होतो. आणि तो शब्द लिहिला तरी नेमकं काय आवडलं नाही ते कळतच नाही. आवाज, लगाव (म्हणजे आवाज लावण्याची पद्धत), उच्चार की गाण्याचं प्रमाण?

किंग क्रिम्झन या बँडचा 1969 सालचा पहिला अल्बम घ्या. पहिल्या गाण्यात गायक ग्रेग लेकचा आवाज मुद्दाम विद्रूप केलेला आहे, फाटक्या भोंग्यातून यावा तसा. ते संपतं, बासरी सुरू होते आणि तोच माणूस इतक्या हळुवारपणे गातो की गायक बदलला असं वाटावं. गळा एकच, आवाज दोन. ज्याला पहिलं गाणं सोसत नाही त्याने ‘व्होकल्स आवडले नाहीत’ लिहिलं, तर दुसऱ्या गाण्यावर अन्याय होतो.

जेनेसिस या बँडबद्दल लिहिताना वेगळा शब्द लागेल. त्यांचा गायक पीटर गेब्रियल गाण्यातली पात्रं उभी करायचा. म्हातारा गाताना आवाजही म्हातारा व्हायचा. याला आपल्याकडे ‘वाचिक अभिनय’ हा तयार शब्द आहे. गेब्रियल 1975 मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षीच्या अल्बमवर ड्रमर फिल कॉलिन्स मुख्य गायक झाला. दोघांच्या आवाजात बरंच साम्य आहे. ज्याला तिथे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, त्याला बहुधा तो अभिनय हवा असतो.

आता सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या उंच पट्टीच्या आवाजाबद्दल. येस या बँडचा जॉन अँडरसन, रश या बँडचा गेडी ली. इथे मराठी फार श्रीमंत आहे. ‘किनरा’ म्हणजे उंच आणि बारीक. त्यात दोष नाही. ‘चिरका’ म्हटलं की कानाला त्रास आला. ‘धारदार’ ही दाद आहे. एकाच आवाजाला तिघे जण हे तीन शब्द लावतील, आणि तिघांनी अल्बम कसा ऐकला ते त्यातूनच समजेल. माझ्या मते अँडरसन किनरा आहे, चिरका कधीच नाही. येसच्या 1972 सालच्या साडेअठरा मिनिटांच्या रचनेत वाद्यांचा कल्लोळ मधेच तुटतो आणि क्षणभर नुसता ‘आ’ ऐकू येतो. भारदस्त आवाजात तो ‘आ’ दगडासारखा पडला असता. इथे तो प्रकाशाच्या तिरिपेसारखा येतो.

शब्दच नसतील तर? पिंक फ्लॉइड या बँडच्या 1973 सालच्या अल्बममध्ये गायिका क्लेअर टोरी एक आख्खं गाणं शब्दांशिवाय गाते. ‘आलाप’ म्हणण्याचा मोह होतो, पण आलापात राग उलगडतो आणि तिथे तर हंबरडा आणि सुस्कारा आहे. मी ‘निःशब्द गायन’ म्हणेन. पुढे 2005 मध्ये तडजोड होऊन त्या गाण्याच्या रचनाकारांत तिचंही नाव लागलं, म्हणजे तो गळा त्या रचनेचाच भाग ठरला.

ओपेथसारख्या मेटल बँडच्या ‘ग्राउल’ला, म्हणजे घशातून काढलेल्या खोल, खरखरीत आवाजाला, मात्र मी ‘गुरगुर’ म्हणणार नाही. गुरगुरण्यात राग आणि जनावर दोन्ही येतात, आणि वर्णन करता करता निकाल लागून जातो. ‘ग्राउल’च राहू द्या.

तेव्हा तुमच्या वाक्यातली ‘गायकी’ काढा आणि अल्बम पुन्हा एकदा ऐका. आवाज उंच म्हणून नकोसा झाला असेल, तर ‘वाद्यं अप्रतिम, पण त्या किनऱ्या आवाजाशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही’. आवाज चालला पण गाणं फार वेळा मधे आलं असेल, तर ‘वाद्यं रंगात येतात तेवढ्यात गाणं सुरू होतं’.