अष्टपैलू होऊ पाहणाऱ्या जळगावच्या मुलीस

तू फलंदाजी आणि ऑफस्पिन ही फिरकी गोलंदाजी दोन्ही मनापासून करतेस, याचा मला फार आनंद वाटतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे महाराष्ट्र संघाच्या कक्षेत येतात, त्यामुळे जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख चुकवू नकोस. त्याआधी जन्मदाखला आणि आधार कार्डावरील नाव जुळवून घे. एका अक्षराच्या फरकापायी माझा एक अख्खा हंगाम हातचा गेला होता.

आपल्याकडे सराव बहुधा मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर होतो आणि तिथे चेंडू एकसारखा उसळतो. टर्फवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर मात्र तोच चेंडू कधीकधी घोट्याइतका खाली राहतो आणि मॅटवर सहज बसणारा आडव्या बॅटचा पुल फटका पायचीत होण्याचे कारण ठरतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी टर्फ मिळव, मग त्यासाठी पहाटेची एसटी धरावी लागली तरी चालेल. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका असतो. मुलांबरोबर खेळतानाही स्वतःचा चेंडू पिशवीत ठेव आणि तर्जनीचे पेर शिवणीवर घट्ट बसते का, ते रोज पाहा.

कोल्हापूरची अनुजा पाटील ऑफस्पिन आणि फलंदाजीच्या बळावर महाराष्ट्राकडून भारतीय संघापर्यंत पोहोचली. 'एकच काहीतरी निवड' असे तुला पुष्कळजण सांगतील. निदान एकोणीस वर्षांखालील गटापर्यंत त्यांचे ऐकू नकोस. मे महिन्यात मात्र गोलंदाजी सकाळी आठच्या आत आटोपत जा.