गाडी गॅरेजवाल्यानं अडवलीय, दुसरी चावी घरात आहे, काढून आणू का?

बडोद्याहून, कारेलीबागेतून एका ताईंनी लिहिलंय. वडिलांची 2011 ची आय-टेन, वडील गेल्या वर्षी वारले, गाडी आता ताईच चालवतात. एप्रिलात एसी बंद पडला, गॅरेजवाला म्हणाला कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, जाम झालाय, नवा टाकतो. 17,500 झाले, दहा हजार यूपीआयनं, बाकी रोख, बिल नाही, नुसती चिठ्ठी. तीन आठवड्यांत परत घरघर आणि गरम हवा. "बघा काय झालंय" म्हणून गाडी नेऊन दिली तर त्यानं न विचारता परत दुसरा कंप्रेसर, वर कंडेन्सर (गॅस थंड करणारी जाळी) आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) टाकला, आता 14,800 मागतोय आणि रोजचे 150 पार्किंगचे वेगळे. "पैसा आपो ने गाडी लई जाव," म्हणजे पैसे द्या आणि गाडी घेऊन जा, एवढंच बोलतो. गाडी तुमच्या नावावर नाही तर तक्रार कसली करता, असंही ऐकवलं. भाऊ म्हणतो रविवारी सकाळी दुसऱ्या चावीनं सरळ काढून आणू, आपलीच तर गाडी आहे.

ताई, ती चावी आधी कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. स्वतःच्या वस्तूचीसुद्धा चोरी होऊ शकते, हे ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात पण कायद्यात अगदी हेच उदाहरण दिलंय, फक्त तिथे गाडीऐवजी घड्याळ आहे. दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, दुरुस्तीचे पैसे बाकी, दुकानदारानं त्या पैशांसाठी कायदेशीरपणे ठेवून घेतलेलं, आणि मालकानं ते पैसे बुडवायला उचलून नेलं तर ती चोरी. आधी आयपीसीत होतं, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, मी पैसे देणं लागतच नाही, मग चोरी कशी. बरोबर, आणि तुमची बाजू खरंच चांगली आहे. करार कायदा 1872 चं कलम 170 कारागिराला वस्तू अडवायचा हक्क देतं, आम्ही वकील त्याला लियन म्हणतो, पण तो हक्क जे काम करायला वस्तू दिली होती त्याच कामाच्या मजुरीपुरता. तुम्ही गाडी दिली बघायला, आधीचं काम का बिघडलं ते सांगायला. नवा कंप्रेसर टाका असं तुम्ही कुठे म्हणालात? न विचारता केलेल्या कामासाठी हा हक्क टिकवणं त्याला जड जाईल. जुनी उधारी असती तरी तिच्यासाठी ही गाडी अडवता आली नसती, तसा सगळ्या बाकीसाठीचा हक्क कलम 171 मध्ये बँकर वगैरे मोजक्या लोकांनाच आहे. (यादीत हायकोर्टाचे अॅटर्नी, म्हणजे वकीलपण आहेत, पण फी बाकी म्हणून वकिलानं पक्षकाराची फाईल दाबून ठेवायची नाही हे सुप्रीम कोर्टानं 2000 साली स्पष्ट सांगितलं, म्हणजे गॅरेजवाल्याची सोय आमच्यापेक्षा बरी!) पार्किंगचं तर सोडाच, स्वतःच्या पैशांसाठी स्वतःच अडवून ठेवायचं आणि वर ठेवण्याचं भाडं लावायचं, तसं आधी ठरलेलं नसेल तर हे मागताच येत नाही.

पण हा सगळा युक्तिवाद रविवारी सकाळी पोलीस चौकीत उभं राहून करायचा का? तिथे तो सांगणार गाडी नेली, पैसे बुडवले, आणि फौजदार काही कलम 170 वाचत बसणार नाही. हात दाखवून अवलक्षण.

मी काय केलं असतं सांगतो. आधी व्हॉट्सअपवर साधा मेसेज, की दुसऱ्या कामाला मी परवानगी दिली नव्हती, गाडी आणि काढलेले सगळे पार्ट परत द्या, सात दिवसांत. तो नाहीच म्हणाला तर 14,800 यूपीआयनं देऊन टाका, रोख एक रुपया नाही, आणि पैसे पाठवायच्या आधी लिहा की हे पैसे मला मान्य नसताना, फक्त गाडी सोडवायला, माझे सगळे हक्क राखून देतेय. पैसे दिले म्हणजे बिल कबूल केलं असं मग त्याला म्हणता येत नाही. ग्राहक आयोगाकडून गाडी सोडण्याचा अंतरिम आदेशसुद्धा मागता येतो पण पंधरा हजारासाठी मे महिन्यात गाडी तिथे उन्हात उभी ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही, तुम्हाला दिसत असेल तर बघा.

खरं भांडण दुसऱ्या बिलाचं नाहीच, पहिल्या कामाचं आहे. कंप्रेसर जाम होतो तेव्हा आतली धातूची चूर गॅस आणि ऑइलबरोबर सगळ्या लाइनीत पसरते, कंडेन्सरमध्ये, एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये. म्हणून नवा कंप्रेसर टाकताना लाइन फ्लश करायची, ड्रायर बदलायचाच, नव्या गाड्यांचे बारीक नळ्यांचे कंडेन्सर नीट धुतले जात नाहीत म्हणून बहुतेक वेळा तेही बदलायचे, ऑइल मापून, व्हॅक्युम काढून, मग गॅस वजन करून भरायचा, किती ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. नुसता कंप्रेसर बदलला तर जुनी चूर नव्याला खाते. ड्रायर आणि कंडेन्सर त्यानं दुसऱ्या खेपेला बदलले, म्हणजे पहिल्या खेपेला बदलले नव्हते हे त्याच्याच दुसऱ्या हिशोबात लिहिलेलं आहे, ती चिठ्ठी जपून ठेवा, तुमच्या केसमध्ये याच्यापेक्षा चांगला कागद मिळायचा नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये याला सेवेतली त्रुटी म्हणतात. बिल न देणं ही वेगळी अनुचित व्यापार प्रथा, आणि रिकंडिशन केलेला पार्ट नवा म्हणून विकला असेल तर तीही. "इलेक्ट्रिक आणि गॅसच्या कामाची गॅरंटी नाही" अशी पाटी असते ना, ती वाईट कामाला ढाल होत नाही. बिल नाही म्हणून घाबरू नका, दहा हजाराची यूपीआय एंट्री आणि चॅट आहे. फक्त फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, मोबाइलमधला पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, नोंद खरी असल्याचं, सर्टिफिकेट लागतं.

आरसीचं म्हणाल तर गॅरेजवाला उगाच दम देतोय. पैसे देऊन सेवा तुम्ही घेतली, ग्राहक तुम्ही. पण गाडी वडिलांच्या नावावर तशीच ठेवू नका, मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31, म्हणजे गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज, भरायचा असतो, तुमची मुदत गेलीय, दंड भरून हे करून टाका.

तक्रार बडोद्यातच, जिल्हा आयोगात, ई-जागृती पोर्टलवरून. पाच लाखांपर्यंत फी शून्य, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून बघा, कधीकधी तेवढ्यानं माणूस नरमतो. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, पार्टची तपासणी करायची असेल तर पाच, पण तुम्ही वर्षाच्या वर धरून चला. दोन्ही रकमा, थोडी भरपाई आणि खर्च एवढंच मागा, मनस्तापाचे पाच लाख लिहिणारे बरेच येतात आणि आयोगासमोर त्यांचीच तक्रार फुगवलेली दिसते.

आणि ते दोन्ही काढलेले कंप्रेसर, जुना कंडेन्सर, ड्रायर, हे कसंही करून ताब्यात घ्या, कारण तपासणी त्यांचीच होणार. घेताना उघड्या तोंडातली काळी चूर दिसेल असे फोटो काढा. भंगारात देऊन टाकले म्हणाला तर तेवढं एक वाक्य त्याच्याकडून व्हॉट्सअपवर लिहून घ्या, बाकी काही बोलू नका त्याच्याशी.