कॅप्सूलमधल्या बीटा पेशी: खरी अडचण प्राणवायूची

दादा, तुमच्या मुलीला टाइप १ डायबेटिस आहे, आणि इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी बारीक कॅप्सूलमध्ये बंद करून पोटात रोपण केल्या की इन्शुलिनही नको, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही नकोत, असं वाचून तुम्ही विचारलंय की मग हे मिळत का नाही. या कॅप्सूल ज्याच्या बनतात त्या अल्जिनेटच्या जेलवर मी काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कल्पना जुनी आहे. १९८० साली लिम आणि सन यांनी स्वादुपिंडातले आयलेट (बीटा पेशी असलेले पेशींचे पुंजके) अशा कॅप्सूलमध्ये घालून मधुमेही उंदरांना दिले आणि दोन-तीन आठवडे साखर ताब्यात राहिली. अल्जिनेट समुद्री शेवाळातून मिळतं. त्यात पेशी मिसळून थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पाडले की लगेच गोळी जमते. ती चाळणीचं काम करते: ग्लुकोज आत जातं, इन्शुलिन बाहेर येतं, हल्ला करणाऱ्या पेशी बाहेरच राहतात.

अडतं ते प्राणवायूपाशी. स्वादुपिंडात आयलेटभोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. कॅप्सूलमध्ये रक्तवाहिनी शिरत नाही, प्राणवायू नुसता झिरपतो, आणि शे-दोनशे मायक्रॉनच्या (०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या) पलीकडे पुरत नाही. आतल्या पेशी गुदमरून मेल्या की त्यांची प्रथिनं चाळणीतून बाहेर येतात आणि प्रतिकारशक्ती आणखी चवताळते. त्यात शरीर परक्या वस्तूभोवती तंतुमय आवरण चढवतं, म्हणजे उरलासुरला प्राणवायूही तुटतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या गटाला दिसलं की दीड मिलिमीटरच्या मोठ्या गोळ्यांवर हे आवरण कमी चढतं. पण गोळी मोठी केली की मधल्या पेशींना प्राणवायू पोचणं आणखी कठीण! मला हा सगळ्यात अवघड पेच वाटतो.

व्हर्टेक्स या औषध कंपनीचे दोन प्रयोग शेजारी ठेवून बघा. स्टेमसेलपासून (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशींपासून) बनवलेल्या आयलेट पेशी यकृताकडच्या शिरेतून, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांसह, पूर्ण मात्रेत दिल्या, तेव्हा वर्षभरानंतर १२ पैकी १० जणांना बाहेरून इन्शुलिन घ्यावं लागत नव्हतं. त्याच पेशी औषधांविना, बंद उपकरणात घालून दिल्या, तेव्हा पुरेसं इन्शुलिन तयार झालं नाही आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने तो प्रयोग पुढे नेणं थांबवलं.

त्याच महिन्यात अमेरिकेत एन्सेल्टो या डोळ्यातल्या रोपणाला मंजुरी मिळाली. मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) एका दुर्मीळ आजारासाठी त्यात जिवंत पेशी बंद केलेल्या असतात. तिथे थोडंसं प्रथिन झिरपत राहिलं की भागतं. इन्शुलिन मात्र साखरेप्रमाणे मिनिटागणिक कमीजास्त व्हावं लागतं, पेशीही खूप जास्त लागतात. म्हणून डोळ्यातलं यश बघून डायबेटिसचा अंदाज बांधू नका.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डायबेटिससाठी स्टेमसेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. कोणी पैसे घेऊन 'उपचार' देऊ करत असेल, तर आधी सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि तो साइटवर स्वतः शोधा. कोणी कितीही खात्री दिली तरी मुलीचं इन्शुलिन एक दिवसही बंद करू नका, कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साठण्याचा जीवघेणा प्रकार) फार लवकर होतो.