'पिक अप' हे इंग्रजी क्रियापद रोजच्या वाक्यांत कसं वापरायचं?

तुम्ही लिहिलंय की शब्दकोशात 'पिक अप'चे डझनभर अर्थ सापडले, पण बोलायची वेळ आली की एकही तोंडात येत नाही. ती यादी सध्या बाजूला ठेवा. मी नाशिक रोडला संध्याकाळी इंग्रजी संभाषणाची बॅच घेतो. तिथे बघतो, तर अर्थ सगळ्यांना अंदाजाने कळलेला असतो. गाडी अडते ती 'कुणाला' आणि 'काय' हे शब्द कुठे ठेवायचे यावर.

'मी तुला स्टेशनवर घ्यायला येतो' म्हणजे 'आय विल पिक यू अप अ‍ॅट द स्टेशन.' 'पिक अप यू' नाही. मी (इंग्रजीतलं, म्हणजे 'मला'), यू, हिम, हर, इट, देम ही सर्वनामं 'पिक' आणि 'अप'च्या मध्येच बसतात, त्यांना दुसरी जागाच नाही. नाम असेल तर मोकळीक आहे: 'पिक अप द पार्सल' म्हणा किंवा 'पिक द पार्सल अप'. मात्र 'द पार्सल दॅट केम फ्रॉम पुणे' असं लांबलचक काही असेल तर ते शेवटीच टाका, नाहीतर तो 'अप' येईपर्यंत समोरचा नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अडकल्यासारखा ताटकळतो. सोडण्यालाही हाच नियम: 'ड्रॉप मी ऑफ अ‍ॅट सीबीएस', म्हणजे मला मध्यवर्ती बसस्थानकावर सोड.

आता अर्थांकडे. इथे आपलं 'उचलणे' शब्दकोशापेक्षा जास्त उपयोगी पडतं. फोन उचल: 'पिक अप द फोन.' (आपल्याकडे सर्रास 'लिफ्ट' म्हणतात, पण ती सवय मोडा.) तो उचलतच नाही: 'ही इज नॉट पिकिंग अप', इथे फोनचं नावही घ्यावं लागत नाही. पोलिसांनी त्याला उचललं: 'द पोलीस पिक्ड हिम अप.' पंचवटीत राहून तिने गुजराती उचलली: 'शी पिक्ड अप गुजराती लिव्हिंग इन पंचवटी.' या शेवटच्या वाक्यात कानावर पडत पडत आलेली भाषा अभिप्रेत आहे. क्लास लावून, वही घेऊन शिकलात तर 'लर्न्ट' म्हणा.

पण 'उचल' प्रत्येक ठिकाणी चालत नाही. मुकादमाकडून उचल घेतली, तर ते 'टुक अ‍ॅन अ‍ॅडव्हान्स'. तिथे 'पिक अप'चा संबंध नाही. उलट मिसळीचं बिल मित्राने भरलं, तर मराठीत आपण 'उचललं' म्हणत नाही, इंग्रजीत मात्र 'ही पिक्ड अप द बिल' म्हणतात. सगळ्यांचं भरलं असेल तरच हं, आपापलं काढलं तर नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो बाजारातला वापर. लासलगावला कांद्याचा भाव पडून होता आणि मग त्याने उचल खाल्ली: 'ओनियन प्रायसेस हॅव पिक्ड अप.' मंदीतून वर येण्याची, जीव आल्याची छटा त्यात आहे. म्हणून हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी शोभतं. पिशवी घेऊन भाजी बाजारात उभा असलेला माणूस 'प्रायसेस हॅव गॉन अप' असंच म्हणेल. या अर्थाला कर्म लागत नाही. 'बिझनेस विल पिक अप बिफोर द २०२७ कुंभ', 'द विंड हॅज पिक्ड अप', झालं वाक्य. आणि 'बीन' घुसवू नका: 'द ओनियन्स हॅव बीन पिक्ड अप' म्हटलं की भाव तिथेच राहतो आणि व्यापाऱ्याने माल उचलून नेलेला असतो!

एक सावधगिरी. 'आय पिक्ड अप माय सिस्टर फ्रॉम कॉलेज रोड' बिनदिक्कत म्हणा. पण 'आय पिक्ड अप अ गर्ल' असं मोघम बोललात, तर ऐकणारा 'मुलगी पटवली' असा अर्थ घेऊ शकतो. ऑफिसात तर नकोच.

उच्चाराचं थोडक्यात. 'पीक' नाही, 'पिक' ऱ्हस्व. भूतकाळात 'पिक्ड' लिहितो, कानाला मात्र 'पिक्ट' ऐकू येतं, आणि 'पिक इट अप' भरभर बोलताना 'पिकिटप' होतं. क्रियापद असताना जोर 'अप'वर पडतो. टोमॅटोचे क्रेट भरून पिंपळगाव बसवंतला जाते ती पिकअप, किंवा 'गाडीला पिकअप नाही' म्हणतो तो पिकअप, ही नामं आहेत, त्यांत जोर 'पिक'वर. तेव्हा ड्रायव्हरला 'द पिकअप विल पिक देम अप अ‍ॅट सिक्स' हे वाक्य सांगायची वेळ आली, तर पहिल्यांदा 'पिक' आणि दुसऱ्यांदा 'अप' दाबून म्हणा.