ऑपरेशन होणारच आहे, तर मशीन कशाला?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी जळगावात येणाऱ्या रुग्णांशी मी समुपदेशक म्हणून बोलते. त्यांच्यापैकी ज्यांना स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा विकार असल्याचे निदान होते, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: "दीड महिन्यात ऑपरेशन होणारच आहे, वजन उतरले की घोरणेही जाईल, मग तेवढ्यापुरते हे सीपॅप मशीन लावून झोपायचे कशासाठी?" सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र. प्रश्न गैर नाही. खर्च, गैरसोय आणि लाज या तिन्ही गोष्टी त्यामागे असतात, आणि कधीकधी चौथी एखादी गोष्ट असते, जी रुग्ण स्वतःहून बोलत नाही. एका रुग्णाच्या अनुभवातून मी याचे उत्तर देते; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरात आणि गावात त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. चोपडा तालुक्यात केळी आणि कापूस करणारे आबा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, वजन १२८ किलो, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू. शेतपंपाची वीज रात्रीची असली की रात्री मळ्यात जावे लागते, त्यामुळे दिवसा डुलकी लागणे त्यांना आजार वाटलेच नव्हते. ट्रॅक्टर चालवताना डोळा लागून तो बांधावर चढला, तेव्हा कुठे घरच्यांनी मनावर घेतले. झोपेच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला सरासरी ५२ वेळा अडत असल्याचे दिसले. प्रत्येक अडथळा किमान १० सेकंदांचा असेल तरच तो मोजला जातो, आणि तासाला ३० किंवा त्याहून अधिक अडथळे म्हणजे विकार तीव्र. शल्यविशारदांनी स्पष्ट सांगितले की आधी काही आठवडे सीपॅपची सवय व्हायला हवी, मगच शस्त्रक्रियेची तारीख पक्की होईल.

मे महिन्याच्या शेवटी आबा माझ्याकडे आले तेव्हा मशीन घरात येऊन तीन आठवडे झाले होते, आणि त्यातल्या नोंदींनुसार एकवीसपैकी सोळा रात्री ते सुरूच झाले नव्हते. उरलेल्या पाच रात्रींत वापर अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे गेला नव्हता. निदान सत्तर टक्के रात्री, रात्री किमान चार तास, एवढा वापर झाला तर तो नियमित मानण्याची पद्धत आहे.

त्या पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. मी त्यांना फायदे समजावत बसले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, मशीन खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने आत सोडून ती वाट उघडी ठेवते, हे मी सांगितले, आणि आबांनी ते माझ्यापेक्षा चांगले सांगून दाखवले: मळ्यात अंथरलेला मऊ पाइप पाण्याचा दाब असेपर्यंत फुगून राहतो आणि मोटर बंद झाली की चपटा पडतो, तसेच ना ताई? अगदी तसेच होते. भूल आणि शस्त्रक्रियेनंतरची काही वेदनाशामके हे स्नायू आणखी सैल करतात, शिवाय श्वास अडल्यावर मेंदू जो दचकून जागा करतो ती जागही मंद करतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही रात्री सर्वांत जोखमीच्या असतात. ज्याने मास्क आधी कधी सहन केलेला नाही त्याला तो नेमका त्या रात्री, दुखऱ्या पोटाने, सहन होणे कठीण असते. हेही त्यांना पटले. पटले, आणि पुढच्या आठवड्यातही मशीन कपाटातच राहिले.

दुसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नी, माई, सोबत आल्या. या वेळी मी कारण विचारले नाही. मास्क हातात घेतल्यापासून तो काढून ठेवेपर्यंत काय काय होते, ते क्रमाने सांगा, एवढेच म्हटले. पट्टे बांधतो, बटण दाबतो, हवा येते, आणि तो आवाज सुरू झाला की उठून बसतो, असे म्हणून आबा थांबले. पुढचे माईंनी सांगितले. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आबांचे थोरले भाऊ रुग्णालयात होते. त्यांच्या तोंडावर असाच पट्ट्यांचा मास्क होता, असाच हवेचा आवाज होता, आणि आबा त्यांना शेवटचे भेटले ते त्याच अवस्थेत. "तो मास्क लावला की माणूस परत येत नाही," हे वाक्य आबांनी खाली बघत उच्चारले, आणि माझा पहिला तास कशात वाया गेला ते मला कळले. त्यांना मशीनचे शास्त्र नको होते. त्यांच्या भावाच्या खाटेपाशी जे राहून गेले होते, त्यावर बोलायला हवे होते.

त्या दिवशी आम्ही बराच वेळ भावाविषयीच बोललो. नंतर हळूहळू सवय लावण्याचा क्रम ठरवला. पहिले तीन दिवस मास्क नुसता हाताळायचा आणि दिवसा, ओट्यावर बसून, पट्टे न बांधता नाकाशी धरायचा. मग पट्टे बांधून, पण नळी न जोडता, वीस मिनिटे बातम्या बघायच्या. मग मशीन सुरू करून बसूनच श्वास घ्यायचा. मग दुपारची झोप, आणि शेवटी रात्र. भीती वाढली तर आधीच्या पायरीवर परत यायचे, आणि त्याला हार म्हणायचे नाही. डॉक्टरांनी तोंड आणि नाक दोन्ही झाकणारा मास्क बदलून फक्त नाकापुरता दिला, त्यामुळे भावाच्या मास्कशी असलेले साम्यही बरेच कमी झाले, आणि सुरुवातीला कमी दाब देऊन तो सावकाश वाढवण्याची मशीनमधली सोय सुरू करून दिली.

अडचणी पुढेही आल्या, आणि त्या आपल्या भागातल्याच होत्या. वीज गेली तर गुदमरून जाऊ, ही भीती मला खानदेशात फार ऐकू येते. मशीन बंद पडले तर नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळेच असते, आणि तोंड झाकणाऱ्या मास्कला अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. आबांना मी मशीन बंद करून, मास्क तसाच ठेवून, पाच मिनिटे श्वास घ्यायला लावले तेव्हा त्यांचा विश्वास बसला. घरातल्या इन्व्हर्टरवर मशीन रात्रभर चालू शकेल का, ते वायरमनकडून आधीच तपासून घ्यावे. हवा ओलसर करणाऱ्या भांड्याचा हीटर बंद ठेवला तर विजेचा खर्च बराच कमी होतो. त्या भांड्यात बोअरचे क्षाराचे पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर वापरावे, आणि वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असेल तर मशीनचा फिल्टर अधिक वेळा पाहावा.

जूनच्या अखेरीस आबा रोज पाच तासांच्या पुढे गेले. पहिल्या पूर्ण रात्री मात्र माई झोपल्याच नाहीत. कित्येक वर्षे त्यांची झोप नवऱ्याच्या घोरण्यावर टांगलेली होती. आवाज थांबला की त्या हलवून जागे करत. त्या रात्री आवाजच नव्हता, म्हणून त्या चार वेळा उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून आल्या. घरच्या माणसालाही सवय होण्यास वेळ लागतो, आणि त्याच्याशी बोलायला आपण फार वेळा विसरतो.

शस्त्रक्रियेच्या आधी एका नातेवाइकाने नवे भय घातले: मशीनची हवा पोटात जाऊन टाके उसवतील. ही शंका डॉक्टरांनाही पूर्वी पडलेली होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, जठराच्या बायपास शस्त्रक्रियेच्या, म्हणजे जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेच्या, हजाराहून अधिक रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात सीपॅप वापरल्यामुळे जोडातून गळती वाढल्याचे दिसले नाही. आबांची शस्त्रक्रिया स्लीव्हची, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे अरुंद करण्याची होती, त्यामुळे शेवटचा शब्द मी त्यांच्या शल्यविशारदांचाच घ्यायला लावला. त्यांनी स्वतःचे मशीन आणि मास्क घेऊनच भरती व्हायला सांगितले. दुसऱ्या दिवशी पोट तटतटले आणि खांदा दुखू लागला, तेव्हा आबांना वाटले की मशीननेच हवा भरली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात, आणि त्याचा उरलेला भाग शोषला जाईपर्यंत खांदा दुखू शकतो, हे परिचारिकेने समजावले आणि मास्क पुन्हा चढला.

चौथ्या महिन्यात वजन १०३ किलोवर आले, घोरणे थांबले, आणि आबांनी कोणालाही न विचारता मशीन बंद केले. असे पुष्कळ जण करतात. चेहरा उतरल्याने मास्क सैल होऊन हवा डोळ्यांत जात होती, आणि वजन कमी झाल्यावर पूर्वीचा दाब जास्त ठरल्याने पोटात हवा जाऊन ढेकर येत होते, म्हणून त्यांना वाटले की शरीरच मशीन नाकारते आहे. वास्तविक ही दाब आणि मास्कचे माप बदलण्याची वेळ असते. घोरणे थांबले म्हणजे श्वास अडणे थांबलेच असे नाही. ते फक्त तपासणीत कळते. डॉक्टरांनी दाब उतरवला, मास्क लहान दिला, आणि वजन स्थिरावल्यावर पुन्हा तपासणी करू असे सांगितले.

दहाव्या महिन्यात ती झाली. वजन ९१ किलो, रक्तदाबाची एकच गोळी, आणि तासाला १४ अडथळे. आबा निराश होऊन माझ्याकडे आले, कारण त्यांच्या मनात शून्य होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील लोकांच्या दीर्घ पाहणीत, वजन दहा टक्के घटले की श्वासाचे अडथळे साधारण २६ टक्क्यांनी कमी होतात, असे २००० साली दिसून आले होते. परंतु जबड्याची ठेवण आणि वय वजनाबरोबर बदलत नाहीत, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही अनेकांमध्ये थोडा विकार उरतो. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य. रक्तदाब लक्षात घेऊन डॉक्टरांनी कमी दाबावर मशीन चालू ठेवण्याचा आणि वर्षभराने पुन्हा तपासण्याचा सल्ला दिला. "मग ऑपरेशन करून काय मिळाले?" या त्यांच्या प्रश्नावर मी दोन्ही अहवाल त्यांच्यापुढे ठेवले आणि बावन्नमधून चौदा त्यांनाच वजा करायला सांगितले.

त्यानंतर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. बहिणी माहेरी आल्या, उकाड्यामुळे सगळ्यांची अंथरुणे गच्चीवर पडली, आणि एवढ्या लोकांत मास्क लावायचा की त्या चार रात्री सोडून द्यायच्या, हे आबांनी मला फोन करून विचारले. मी म्हटले, बहिणींना आधी सांगा. त्यांनी संध्याकाळीच खालून वायर ओढून घेतली, भाचरांना मशीन दाखवले, आणि धाकट्या बहिणीला बाजूला घेऊन मास्क कसा दिसतो तेही दाखवले, कारण थोरल्या भावाला तिनेही पाहिले होते. रात्री ती त्यांच्या खाटेच्या कडेला बसून राहिली. सकाळी आबांनी डोळे उघडले तेव्हा ती तिथेच, खाली सतरंजीवर, गाढ झोपलेली होती.